निजामकाळातला दगडी पूल: पाडायचा, गनायटिंग करायचं, का नीट दुरुस्त करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: आमच्या तालुक्याच्या गावात नदीवर निजामाच्या काळातला पाच कमानींचा दगडी पूल आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात पाणी पुलावरून गेलं, एका बाजूचा कठडा वाहून गेला, मधल्या कमानीत भेग दिसायलीय आणि एका पिलरखाली पोकळ झाल्यासारखं वाटतंय. काहीजण म्हणायलेत पाडून स्लॅबचा नवा बांधा, एक कंत्राटदार म्हणतोय खालून जाळी मारून गनायटिंग, म्हणजे सिमेंटचा फवारा, करून देतो, पन्नास वर्षं बघायला नको. काय करावं?

दादा, बाकीचं उत्तर नंतर वाचा, आधी एक काम करा. उद्या सकाळी चार पोरं आणि एक ट्रॅक्टर घेऊन नदीत उतरा आणि वाहून गेलेले कठड्याचे दगड गोळा करा. घडीव काळा दगड पुरात लई लांब जात नाही, पहिल्या डोहात नाहीतर बाभळीच्या मुळाशी अडकून बसतो, पण पाणी उतरलं की महिनाभरात लोक तोच दगड बांधाला, गोठ्याला, घराच्या पायरीला घेऊन जातात आणि मग तो परत मिळत नाही. तसा दगड टाकीनं घडवून देणारे हात आता तालुक्यात दोन-चार उरले असतील तर नशीब. जो दगड सापडेल त्याचा जागेवरच फोटो काढा, त्यावर चुन्यानं नंबर टाका, थडीला एका ओळीत मांडून ठेवा. त्यात एखादा अक्षरं कोरलेला दगड निघाला तर तो उघड्यावर ठेवू नका, नगरपरिषदेत पंचनामा करून आत ठेवा.

दुसरं, आजपासून पुलावरून गाडी बंद, टू-व्हीलरसुद्धा. पिलरखाली पोकळ आहे अशी नुसती शंका असली तरी बंद. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला आणि दोन एसट्या माणसांसकट गेल्या, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. मला जुना दगड जिवापाड आवडतो, पण पाया तपासल्याशिवाय मी स्वतःच्या पोराला त्या पुलावरून जाऊ देणार नाही आणि तुमच्याही नाही.

आता मूळ मुद्दा. मी तीसेक वर्षं दगड-चुन्याच्या कामावर आहे, पूल, बारव, वेशी, गढ्या, आणि एवढ्या वर्षांत मला कळलेली गोष्ट एवढीच की दगडी पूल ओझ्यानं क्वचित जातो, तो पाण्यानं जातो. आणि पाणी दोन वाटांनी येतं, खालून पाया खरवडतं आणि वरून पोटात मुरतं. दोन्ही वाटा बंद केल्याशिवाय कमानीच्या भेगेला हात लावणं म्हणजे ताप कशानं आलाय ते न बघता नुसती गोळी देणं. तुमचा कंत्राटदार नेमकं तेच सांगतोय.

खालून सुरवात करू. आपल्याकडचे जुने पूल बहुतेक पात्रातल्या कातळावर बसवलेले असतात, आणि कातळ नसेल तिथं मुरुमावर नाहीतर मांजऱ्या खडकावर. बांधताना त्या लोकांनी पात्राची पातळी बघून पाया किती खोल न्यायचा ते ठरवलं. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाळू उपसली, खोलीकरणाच्या नावाखाली जेसीबीनं पात्र खरवडलं, आणि पात्राचा तळ चार-पाच फूट खाली गेला. जो पाया जमिनीखाली झाकलेला होता तो आता उघडा पडून पाण्यात उभा आहे. पूर आला की पाणी पिलरच्या टोकाला आपटून खाली वळतं, गरगरतं आणि पायाखालचा मुरूम उपसून नेतं. हे तुम्हाला वरून कधीच दिसणार नाही, कारण पूर ओसरताना तोच खड्डा गाळानं परत भरतो आणि सगळं ठीक दिसतं.

तपासायची साधी पद्धत सांगतो. पाणी कमी झालं की प्रत्येक पिलरच्या चारी बाजूंनी पहार मारा. चांगल्या जागी पहार टण्ण करून उसळते, हाताला झिणझिण्या येतात. एका पुलावर आमचा म्हातारा गवंडी पहार मारत मारत पिलरच्या मागच्या कोपऱ्यात आला आणि पहार आवाज न करता हातभर आत गेली, मऊ भाकरीत बोट जावं तशी. त्यानं काही न बोलता माझ्याकडं बघितलं. गाळ काढल्यावर कळलं की एक तृतीयांश पिलर अधांतरी होता. वर मात्र कमानीत केसाएवढी भेग होती, आणि गाव त्या भेगेवरच भांडत होतं.

असं पोकळ सापडलं तर ते भरायचं कसं, हे नीट वाचा कारण इथंच माणसं मरतात. नदीचं अर्धं पात्र वाळूच्या गोण्यांनी अडवायचं, पाणी दुसऱ्या अर्ध्यातून सोडायचं. एका वेळी एकच पिलर घ्यायचा, आणि त्याचाही एकदम सगळा पाया मोकळा करायचा नाही. मीटर-मीटरचे तुकडे पाडायचे, एक सोडून एक, पहिला भरून घट्ट झाल्यावरच शेजारचा उघडायचा. इथं पाण्याखाली साधा चुना चालत नाही, त्याला घट्ट व्हायला हवा लागते. म्हणून पाण्यात घट्ट होणारा हायड्रॉलिक चुना वापरायचा, नाहीतर सरळ काँक्रीट. हो, मीच सांगतोय काँक्रीट, कारण जमिनीखाली नवीन आधार म्हणून ते योग्य आहे, माझं भांडण सिमेंटशी नाही, ते चुकीच्या जागी वापरण्याशी आहे. नंतर पिलरभोवती मोठे दगड किंवा जाळीतले दगड घालायचे आणि पुलाच्या खालच्या अंगाला पात्रात आडवी, तळाशी सपाट भिंत घ्यायची, म्हणजे पात्र अजून खाली खचत नाही. पुलाच्या आसपास वाळू आणि खोलीकरण दोन्ही बंद ठेवायचा ठराव ग्रामसभेचा किंवा नगरपरिषदेचा घ्या, नाहीतर हा सगळा खर्च दोन पावसाळ्यांत पाण्यात.

आता वरचं पाणी. पुलाच्या कमानीवर दोन बाजूंना भिंती आणि मधे मुरूम-दगडांची भर असते, त्यावर रस्ता. बांधणाऱ्यांनी पाणी बाहेर जायला दगडी मोऱ्या ठेवलेल्या असतात. नंतर दर निवडणुकीला वर डांबराचा एक थर चढतो, मोऱ्या बुजतात, कठडा गुडघ्याएवढा उरतो. हिशेब करून बघा, चाळीस मीटर लांब, सहा मीटर रुंद पुलावर एक फूट डांबर साचलं असेल तर ते बहात्तर घनमीटर होतं, म्हणजे दीडशे टनांच्या वर नुसतं मेलेलं ओझं, आणि ते पाणीही अडवून धरतं. आधी ते सगळं डांबर काढा. हळू काढा, ब्रेकर कमानीच्या माथ्यावर चालवू नका, तिथं चावीच्या दगडावर भर सगळ्यात कमी असते. खाली मोऱ्या सापडतील, त्या मोकळ्या करा, मग दोन्ही बाजूंना उतार देऊन चुना-सुर्खीचा (सुर्खी म्हणजे कुटलेल्या विटेची पूड) थर घाला आणि वर दगडी फरशी नाहीतर पातळ थर.

भेगेबद्दल तुम्ही जास्त काळजीत आहात म्हणून सांगतो, भेग कुठल्या दिशेनं गेलीय ते आधी बघा. कमानीत भेग पुलाच्या लांबीच्या दिशेनं, कठड्याच्या जरा आत, सरळ रेषेत असेल तर बाजूची भिंत कमानीपासून सुटायलीय, आत पाणी साचून भर फुगतेय. भेग आडवी, म्हणजे पुलाच्या रुंदीत असेल, त्यातही माथ्याशी किंवा कमानीच्या चौथ्या हिश्शावर, तर कमानीचे पाय बाहेर सरकतायत, काठाकडचा आधार हललाय. आणि तिरपी असेल तर एक पिलर एका कोपऱ्यानं खचलाय. तुमच्या पिलरखालच्या पोकळीचं ऐकून मला तिरप्याचीच शंका येतेय, पण न बघता मी सांगणार नाही. दगडाची कमान एकमेकांना रेटून उभी असते, प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो, म्हणून ती थोडी हलली तरी लगेच पडत नाही, नवीन जागी बसते. जुन्या पुलातली कितीतरी भेग शंभर वर्षांपूर्वीची, मेलेली असते. म्हणून आधी ठरवायचं ती जिवंत आहे का.

त्याला काचेची पट्टी लागते. बोटाएवढी रुंद, पातळ काच भेगेवर आडवी ठेवायची, दोन्ही टोकं दोन बाजूंच्या दगडांना पीओपीनं चिकटवायची, आणि काचेवर मार्करनं तारीख लिहायची. आमच्याकडं तिला साक्षीदार म्हणतात. काच तडकली म्हणजे भेग अजून चालू आहे. प्रत्येक भेगेवर दोन-तीन ठिकाणी लावा, शेजारी दोन खिळ्यांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजा, आणि मोजमाप रोज एकाच वेळी घ्या, सकाळी सातला, कारण आपल्याकडं उन्हानं दुपारी दगड तापून हलतो आणि तुम्हाला उगाच भीती वाटेल. निदान दोन-तीन महिन्यांची नोंद हवी. ज्या इंजिनियरनं एका भेटीत सांगितलं की हा पूल गेला, त्याला विचारा कुठला साक्षीदार बसवला होता.

आता गनायटिंग आणि सिमेंटकडं येतो. सुरवातीच्या काळात एका ओढ्यावरच्या छोट्या पुलावर मी सिमेंटनं दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायला परवानगी दिली होती, माझ्या सहीनं. चकचकीत काम झालं, लोकांनी कौतुक केलं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीला पोट आलं. उघडून बघितलं तर वरून मुरलेलं पाणी आधी दरजांतून हळूहळू झिरपून बाहेर यायचं, ते आता सिमेंटनं कोंडलं होतं, आतला चुना दह्यासारखा मऊ झाला होता आणि सगळी भर पाण्यानं जड होऊन भिंतीला ढकलत होती. आठ मीटर भिंत उतरवून परत बांधावी लागली. सिमेंट कडक, दगडाशी जुळत नाही, काळ्या दगडाच्या गुळगुळीत तोंडाला नीट धरत नाही, किनारीला केसाएवढी फट पडते, तिथून पाणी आत जातं पण बाहेर येत नाही. गनायटिंग म्हणजे हेच, फक्त अख्ख्या कमानीच्या पोटाला. वर ते भेगा झाकतं, पुढच्या वीस वर्षांत कमानीत काय चाललंय हे कुणालाच दिसणार नाही. माझा स्पष्ट सल्ला, नाही म्हणा.

चुना वापरा. चुना कमजोर असतो असं वाटत असेल तर नळदुर्गला जाऊन बघा, बोरी नदीवर किल्ल्याला लागून सतराव्या शतकाच्या सुरवातीचं धरण आहे, त्याच्या पोटात पाणीमहाल आहे, पावसाळ्यात नदी त्याच्यावरून धबधब्यासारखी पडते, आणि ते काम चुन्यातलं आहे. आपल्या संभाजीनगरात खाम नदीवरच्या मकाई दरवाजा, महमूद दरवाजाच्या पुलांवरून आजच्या काळापर्यंत गाड्या चालल्यात. चुना हलतो, थोडा वाकतो, केसाएवढी भेग पडली तर पाणी त्यातला चुना विरघळवून परत तीच भेग बुजवतं. पांढरे ओघळ म्हणजे त्याचंच जास्त झालेलं रूप, आतून चुना धुऊन जातोय, वरचं पाणी थांबवा ही खूण.

जुन्या चुन्यात काय आहे ते आधी बघा. आतला, हवा न लागलेला चुन्याचा तुकडा काढा, बारीक करून वजन करा, काचेच्या ग्लासात पाणी घातलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाका, फसफसून चुना विरघळतो, खाली वाळू आणि सुर्खी राहते. गाळून, वाळवून परत वजन. पहिल्यांदा हे केलं तेव्हा तळाला तांबडी गेरूसारखी पूड साचलेली बघून मला कळलं की त्या गवंड्यांनी किती विटा कुटल्या असतील. वाळूत चुनखडीचे खडे असतील तर तेही विरघळतात, म्हणून एकावर भरवसा नको, दहा ठिकाणचे तुकडे घ्या. हे घरी कुणी करू नका, शाळेच्या नाहीतर कॉलेजच्या लॅबमध्ये गॉगल, हातमोजे घालून करा.

नवीन चुन्यासाठी कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना आणा, पोत्यातला पांढरा वॉशचा चुना नाही. चुन्याचे वर्ग आयएस ७१२ या भारतीय मानकात दिलेले आहेत, ए आणि बी पाण्यात घट्ट होणारे, सी म्हणजे फॅट, हवेत घट्ट होणारा साधा चुना, हे टेंडरमध्ये नावासकट लिहा, नुसतं चुना लिहिलं की काहीही येतं. खड्ड्यात पाणी घेऊन त्यात कळी टाकायची, उकळतं, वाफ येते, डोळ्यांत उडालं तर डोळा जातो, म्हणून पोरांना लांब ठेवा. चाळून तो पाण्याखाली निदान महिनाभर तरी मुरू द्या, जास्त तर अजून चांगलं. सुर्खी पूर्ण भाजलेल्या, पण जळून काच न झालेल्या विटेची, घरच्या घरी कुटलेली, वाळू धुतलेली, क्रश सँड असेल तर पावडर काढलेली. मी बहुतेक एक भाग चुना, एक सुर्खी, दीड ते दोन वाळू या बेतावर जातो आणि नमुना बघून कमी-जास्त करतो. ते सगळं चुना दळायच्या घाण्यात नाहीतर मॉर्टर मिलमध्ये मळायचं, मिक्सरमध्ये फिरवून नाही, कारण चुन्याला कुटलं, दाबलं की त्याला जीव येतो. बेलफळ, गूळ, उडदाची डाळ, हिरडा, सगळ्यांचं विचारतात. मी थोडंसं वापरतो, पण गूळ जास्त झाला तर चुना सुकायला वेळ लावतो. तिथं खर्च करण्यापेक्षा मळणीवर आणि भिजवण्यावर करा.

दरजा भरताना जुना सैल चुना हातानं, छन्नीनं काढायचा. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा खातो, त्याला साइटवर येऊ देऊ नका. दरज जेवढी रुंद त्याच्या दुप्पट तरी खोल मोकळी करायची, पाण्यानं धुवायची, ओली असताना थरा-थरानं भरायची, मोठ्या पोकळीत दगडाच्या कपच्या ठोकायच्या, आणि तोंड दगडापेक्षा किंचित आत ठेवायचं. मग ओलं गोणपाट, दोन-तीन आठवडे, दिवसातून चारदा पाणी. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, महिन्याला जेमतेम एखादा मिलिमीटर आत सरकतो, म्हणून एप्रिल-मेच्या बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत हे काम करू नका, वरून वाळून आतून कच्चं राहतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच वेळ. आत पोकळ असलेल्या भिंतीत पातळ चुन्याचं ग्राउट खालून वर भरत न्यायचं, डबा उंचावर ठेवून त्याच्याच दाबानं, पंपानं जोर लावला तर फुगलेली भिंत आतून बाहेर पडते.

भिंत फुगली असेल तर ग्राउट पुरणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जाड दगडी घरं कोसळली, त्यांचं एक मोठं कारण म्हणजे भिंतीचे दोन पदर बाहेर-आत वेगळे उभे होते, मधे आरपार जाणारा जोडदगड नव्हता, हादरा बसताच पदर सुटले. पुलाच्या बाजूच्या भिंतीलाही तोच आजार होतो. नंबर टाकून उतरवा, बांधताना ठराविक अंतरावर आरपार लांब दगड घाला, आणि दोन्ही भिंतींना आडव्या स्टेनलेस स्टीलच्या सळया, तोंडाला प्लेट, लावून बांधा. तुमच्या अप्रोचला, म्हणजे पुलाला जोडणाऱ्या रस्त्याला, काळी माती भरली असेल तर ती पावसात फुगते आणि काठाच्या भिंतीला ढकलते, तिथली माती काढून मुरूम घाला, भिंतीत पाणी बाहेर पडायला भोकं (वीप होल) ठेवा.

पिंपळ-उंबराचं झाड पुलावर असेल तर ओढून काढू नका, मुळाबरोबर दगड येतो. बुंधा कापून ताज्या कापावर लगेच झाड मारायचं औषध ब्रशनं लावा, पाण्यात न पडेल असं, आणि मूळ मेल्यावर दगड उचलून ते काढा.

कागदाचं एकच सांगतो, पूल कुणाचा आहे ते आधी लेखी काढा, नगरपरिषद, जिल्हा परिषद का बांधकाम विभाग, आणि तो १९५८ च्या केंद्राच्या किंवा १९६० च्या राज्याच्या कायद्याखाली संरक्षित आहे का ते पुरातत्त्व विभागाकडून विचारा. केंद्राच्या कायद्याखाली संरक्षित वारसा जवळ असेल तर त्या कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनुसार शंभर मीटर बांधकामाला बंदी आणि पुढचे दोनशे मीटर परवानगी लागते, हे नवीन पुलाच्या जागेलाही लागू होतं. वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेचं चॅप्टर संभाजीनगरात आहे, त्यांना एकदा जागा दाखवा.

आणि नवीन पूल. माझ्या मते तो लागेलच, पाडून नाही, बाजूला. ऊस तोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर एकामागून एक जाणार असेल तर ते या पुलानं सोसायचं कारण नाही. नवीन पुलाचे पिलर जुन्याच्या पिलरांच्या ओळीत ठेवायला सांगा, नाहीतर प्रवाह वळून जुन्यावर आदळतो. दुरुस्तीनंतर जुन्या पुलावर पायी, सायकल, फार तर दुचाकी, आणि दोन्ही तोंडांना लोखंडी चौकट, म्हणजे ट्रॅक्टर आत जाणार नाही.

टेंडरमध्ये एक अट घाला, आधी एक चौरस मीटर दरजा भरून दाखवायची, एक पाऊस नाहीतर पाण्याचे दोन महिने बघायचे, मग बाकीचं काम. ज्याला हे जमत नाही त्याला पुढं बोलवू नका.

तुम्ही आता भेगेचे फोटो पाठवा. शेजारी स्केल किंवा नाणं ठेवून, एक फोटो लांबून अख्ख्या कमानीचा, एक जवळून, आणि पिलरच्या चारी बाजूंना पहार किती आत गेली ते आकडे लिहून. साक्षीदार काचा या आठवड्यात लावा आणि जानेवारीच्या अखेरीस कुठली तडकली ते मला कळवा.